राज्याच्या तिजोरीत आपल्या घरातून किती जातं? वही काढून असं मोजा

"ताई, आम्ही कुठं टॅक्स भरतो? टॅक्स तुम्ही लोक भरता." आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी एकदा सहज बोलून गेल्या. त्या पुण्यात पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत राहतात, आणि त्यांचे यजमान हिंजवडीत सिक्युरिटी गार्ड आहेत. मी विचारलं, यजमानांची पगाराची स्लिप मोबाइलवर आहे का? होती. मूळ वेतन, भत्ता, पीएफची कपात, आणि अगदी खाली एक ओळ: पी.टी. २००. हे पी.टी. काय ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. पीएफसारखंच काहीतरी असेल, पुढे परत मिळेल, असं ते धरून चालले होते.

ते परत मिळत नाहीत. तो राज्य सरकारचा व्यवसाय कर आहे.

त्या दिवशी ओट्याशेजारी बसून आम्ही त्यांच्या घराचा हिशेब मांडला. पुढे तसाच हिशेब बाणेरला राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या घराचा केला. भाचा आणि भाचेसून दोघंही आयटीत आहेत. ही दोन घरं शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा राज्याचा कर कुणाला किती जड जातो ते मला पहिल्यांदा नीट दिसलं. तुमच्या घराचा हिशेब करायला एक वही, एका महिन्याची बिलं आणि तासभर वेळ पुरेल.

आधी केंद्र आणि राज्य वेगळं करा

प्राप्तिकर केंद्राचा आहे, तो या वहीत धरू नका. राज्याच्या वाट्याचं एवढंच लिहायचं: व्यवसाय कर, पेट्रोलवरचा व्हॅट (राज्याचा विक्रीवरचा कर), जीएसटीचा अर्धा भाग (बिलावर तो एसजीएसटी म्हणून छापलेला असतो), विजेच्या बिलातलं वीज शुल्क, वाहन कर आणि घराच्या दस्तावरचं मुद्रांक शुल्क. दारूवरचं उत्पादन शुल्कही राज्याचंच असतं. घरात दारूचा खर्च असेल तर तोही लिहा, लपवून हिशेब जमत नाही. मिळकत कर महापालिकेचा असल्यामुळे तो बाजूला ठेवू.

वहीच्या डोक्यावर घरातल्या सगळ्यांची मिळून महिन्याची कमाई लिहा. शेवटी भागाकार याच आकड्याने करायचा आहे. मावशींच्या घरी यजमानांचे १४,००० आणि मावशींचे ११,००० मिळून २५,००० येतात. भाच्याकडे दोघांचे मिळून ४ लाख येतात.

पगाराची स्लिप वाचा

व्यवसाय कराचा कायदा १९७५ चा आहे. रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून हा कर आला, आणि त्या काळी दुष्काळात होरपळलेल्या महाराष्ट्रात शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुरासाठी थोडं द्यावं हा विचार मला आजही मोलाचा वाटतो. आजचे दर मात्र बघा. पुरुषाचा पगार महिना ७,५०० पर्यंत असेल तर कर माफ आहे, १०,००० पर्यंत १७५ रुपये, आणि त्यापुढे कितीही पगार असला तरी महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००.

कितीही पगार असला तरी! मावशींचे यजमान २,५०० भरतात आणि माझा भाचाही २,५००च भरतो.

वरची मर्यादा राज्याला वाढवता येत नाही, कारण राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा आहे. १९८८ मध्ये ती २५० वरून २,५०० केली, त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नाही. पण खालची मर्यादा, म्हणजे कुठल्या पगारापर्यंत करमाफी द्यायची, हे पूर्णपणे राज्याच्या हातात आहे. स्त्रियांसाठी एप्रिल २०२३ पासून ती महिना २५,००० केली. पुरुषांसाठी ती ७,५०० वरच आहे, आणि पूर्णवेळ काम करून किमान वेतन घेणारा पुरुष कामगारसुद्धा यातून सुटत नाही. ही गोष्ट मला मनापासून खटकते.

घरातल्या एखाद्या बाईचा पगार २५,००० च्या आत असून पी.टी. कापला जात असेल, तर स्लिप घेऊन सरळ ऑफिसात विचारा. जुन्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या छोट्या एजन्सीत अशी चूक सहज राहून जाते.

पेट्रोल: इथं थांबून गणित करा

स्वारगेटपासून हिंजवडीपर्यंत पाळीला वेळेवर पोचायचं तर पीएमपीच्या बसच्या भरवशावर भागत नाही. म्हणून यजमानांकडे बाइक आहे, आणि तिला महिन्याला २० लीटर पेट्रोल लागतं.

पुण्यात पेट्रोलवर राज्याचा व्हॅट २५ टक्के आहे, शिवाय लीटरमागे ५ रुपये १२ पैसे. पंपावरचा दर १०४ रुपये धरा. त्यातून आधी ५.१२ वजा करा, ९८.८८ उरतात. त्याला १२५ ने भागून २५ ने गुणा, १९.७८ येतात. त्यात ५.१२ परत मिळवा. लीटरमागे राज्याचे साधारण २५ रुपये झाले. तुमच्या पंपावरचा दर वेगळा असेल तर आकडा थोडा इकडेतिकडे होईल.

२० लीटरचे ५०० रुपये होतात. मावशींच्या घरातून राज्याला जाणारी ही सगळ्यात मोठी रक्कम आहे, आणि ती नोकरीवर पोचण्यासाठीच जाते. भाच्याची गाडी महिन्याला ६० लीटर पिते, म्हणजे १,५०० रुपये. तिप्पट पैसे गेले खरे, पण कमाई सोळापट आहे.

सरकारच्या मनात आलं तर हे बदलू शकतं, याचं उदाहरण रस्त्यावरच धावतंय. एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, त्यामुळे पुण्याच्या रिक्षावाल्यांना खराखुरा आधार मिळाला. बाइकवरून कामाला जाणाऱ्याच्या वाट्याला तसं काही आलेलं नाही.

किराणा: पिशवी सुटी की पाकीटबंद ते बघा

जीएसटी काढायची युक्ती सोपी आहे. वस्तूवर ५ टक्के असेल तर किमतीला १०५ ने भागून ५ ने गुणायचं, १८ टक्के असेल तर ११८ ने भागून १८ ने. आलेल्या रकमेचा अर्धा भाग राज्याचा. दहा रुपयांच्या साबणाच्या वडीत आता राज्याचे २४ पैसे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी साबणावर १८ टक्के होते, तेव्हा ते ७६ पैसे होते. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल अशा रोजच्या वस्तूंचा भार त्या बदलाने उतरला, हे मान्य करायलाच हवं. मोबाइलच्या रिचार्जवर मात्र १८ टक्के तसेच राहिले. २९९ च्या रिचार्जमधून राज्याला जवळजवळ २३ रुपये जातात, मग तो रिचार्ज जनता वसाहतीतला असो की बाणेरचा.

धान्याचं वेगळं आहे. मार्केट यार्डात किंवा भवानी पेठेत सुटे तांदूळ, गहू, डाळ घेतली तर जीएसटी लागत नाही. तोच माल छापील वेष्टनात, २५ किलोपर्यंतच्या पाकिटात आला की ५ टक्के लागतात. जुलै २०२२ पासून असं आहे. ज्याला वर्षाचं धान्य एकदम भरायची ऐपत आणि जागा आहे, तो सुटं पोतं आणतो. ज्याच्या हातात आठवड्याचे पैसे येतात, तो कोपऱ्यावरच्या दुकानातून एक किलोचं आट्याचं पाकीट आणतो. सोन्यावर किती? ३ टक्के. आट्याच्या पाकिटावर पाच आणि सोन्याच्या पाटल्यांवर तीन, हे वहीत लिहिताना मावशींनी मला दोनदा विचारलं, "ताई, उलटं नाही ना लिहिलं?"

मावशींच्या घरी ५ टक्क्यांच्या वस्तू ५,००० च्या आणि १८ टक्क्यांच्या १,५०० च्या येतात. राज्याचा वाटा साधारण २३३ रुपये निघाला. भाच्याकडे हॉटेल आणि किराणा मिळून २५,००० आणि १८ टक्क्यांतला खर्च ४०,००० आहे. तिथं वाटा सुमारे ३,६४६ निघाला.

वीजबिल

बिलावर 'वीज शुल्क १६%' अशी ओळ असते, तेवढी उतरवून घ्या. युनिटचे दर वापराप्रमाणे चढत जातात, हे शुल्क मात्र घरगुती ग्राहकांना सरसकट एकच आहे. मावशींचे ९६, भाच्याचे ८००.

मोठी खरेदी: एकदाच भरलेला कर महिन्यांवर पसरवा

इथं बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण वाहन कर आणि मुद्रांक शुल्क एकदाच भरतो आणि विसरतो. वाहनाचा कर १२० महिन्यांवर, घराचा १८० महिन्यांवर वाटून टाका.

१०० ते २९९ सीसीच्या दुचाकीला ११ टक्के कर आहे. १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारलाही ११ टक्केच. पुढे २० लाखांपर्यंत १२ आणि त्याहून वर १३ टक्के होतात, म्हणजे चढण आहे, पण तिलाही वर छत आहे. कमाल कर २० लाख होता, तो २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाख केला. १३ टक्क्यांनी हिशेब केला तर सुमारे २ कोटी ३० लाखांच्या पुढच्या गाडीला एक रुपयाही वाढीव कर नाही. मावशींच्या बाइकला या छताचा काहीच उपयोग नाही.

घराचंही तसंच आहे. पुणे शहरात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, आणि फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर ६ टक्के. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. ३० लाखांच्या वन आरके फ्लॅटला ३०,००० आणि ३ कोटींच्या फ्लॅटलाही ३०,०००. स्त्रीला मिळणारी १ टक्क्याची सवलत चांगलीच आहे, ती जरूर घ्या. पण ती ३० लाखांच्या घराला ३०,००० देते आणि ३ कोटींच्या घराला ३ लाख. तेच राहतं घर बापाने मुलाला बक्षीसपत्राने दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये! घरातलं घर घरात राहावं हा त्यामागचा हेतू मला पटतो, पण ज्याच्याकडे देण्यासारखं घर आहे त्यालाच त्याचा उपयोग.

भाडेकरूंचं काय? भाडेकराराला पाव टक्का मुद्रांक लागतो, तो भाड्याच्या प्रमाणात आहे, ठीक आहे. नोंदणी फी मात्र शहरात सरसकट १,००० रुपये आहे. साठ हजारांच्या भाड्याला ती जाणवत नाही. पाच हजारांच्या खोलीला ती भाड्याचा पाचवा हिस्सा होते, म्हणून करार नोंदवायचाच टाळतात, आणि मग पत्त्याचा पुरावा नसल्यामुळे रेशन कार्डापासून शाळेच्या प्रवेशापर्यंत सगळीकडे अडतं. तुम्ही घरमालक असाल तर ही फी स्वतः भरा. एवढं आपल्याला करता येतं.

भाच्याचा दीड कोटींचा फ्लॅट, मुद्रांक आणि नोंदणी मिळून १०,८०,०००, म्हणजे महिना ६,०००. पंधरा लाखांच्या कारचा कर १,८०,०००, म्हणजे महिना १,५००. मावशींकडे ९०,००० च्या बाइकचा कर ९,९००, म्हणजे महिना ८३ रुपये.

आता भागाकार

रोजच्या खर्चातला कर आधी वेगळा काढा. मावशींच्या घरी पी.टी.चे २०८, पेट्रोलचे ५००, विजेचे ९६ आणि जीएसटीचे २३३ मिळून १,०३७ रुपये झाले. पंचवीस हजारांवर ते ४.१ टक्के होतात. भाच्याकडे दोघांचा पी.टी. ४१७ धरून ६,३६३ रुपये झाले. चार लाखांवर १.६ टक्के.

मोठी खरेदी मिळवल्यावर मावशींचे १,१२० रुपये, म्हणजे ४.५ टक्के. भाच्याचे १३,८६३ रुपये, म्हणजे ३.५ टक्के. रुपयांत भाचा बारापट भरतो आणि कमाईच्या हिश्शात मावशीच जास्त देतात. कारण उघड आहे. राज्याचे बहुतेक कर खर्चावर आहेत. मावशींकडे आलेला प्रत्येक रुपया खर्च होतो, भाच्याच्या पगारातला मोठा भाग म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत आणि कर्जाच्या हप्त्यात जातो, तिथं राज्याचा यातला कुठलाच कर पोचत नाही.

हिशेब प्रामाणिक ठेवायचा तर दोन गोष्टी खाली लिहाच. भाचा केंद्राला भरपूर प्राप्तिकर भरतो, आणि केंद्राच्या वाटपयोग्य करांतले ४१ टक्के राज्यांकडे येतात. दुसरं, राज्याकडून परत काय मिळतं. मावशी गावी जाताना एसटीत अर्धं तिकीट काढतात. लाडकी बहीणचे महिना १,५०० मात्र त्यांना मिळत नाहीत, कारण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे आणि यांचं तीन लाख होतं. व्यवसाय कराला सात हजार पाचशेच्या वरचा माणूस कमावता वाटतो, आणि मदतीच्या वेळी हेच घर मर्यादेबाहेरचं ठरतं.

वहीचं पुढं काय करायचं

राज्याचा अर्थसंकल्प साधारण मार्चमध्ये मांडतात. अर्थमंत्र्यांच्या भाषणाचा भाग दोन कर-प्रस्तावांचा असतो, तो मराठीत उपलब्ध असतो आणि पहिल्या भागापेक्षा बराच छोटा असतो. तो वाचा आणि प्रत्येक प्रस्तावासमोर तुमच्या वहीतला आकडा ठेवा. अधिवेशनाच्या महिनाभर आधी आपल्या आमदारांना पत्र द्या, आणि त्यात एकच मागणी लिहा, दहा नकोत.

आम्ही वस्तीतल्या सोळा घरांच्या सह्यांचं पत्र दिलं. त्यात एवढंच होतं: व्यवसाय कराची माफी स्त्रियांना महिना २५,००० पर्यंत आहे, ती पुरुष कामगारांनाही तितकीच करा, याला राज्यघटना आड येत नाही. सोबत सोळा पगाराच्या स्लिपांच्या झेरॉक्स जोडल्या, आणि प्रत्येकीवर पी.टी.च्या ओळीखाली मावशींनी लाल पेनाने रेघ मारली.