ठासणीच्या रायफलीचा पहिला बार: दारू आणि गोळी निवडताना या चुका टाळा

ठासणीची रायफल हातात आली की नवखा माणूस पहिल्यांदा विचारतो, "दारू किती घालू?" हा प्रश्न खरं तर दुसरा. पहिला प्रश्न नळीला विचारायचा: तुझे आटे, म्हणजे आत कोरलेल्या पिळदार खाचा, किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात?

हे न बघता गोळ्या विकत घेणं ही सर्वांत महागडी चूक. ६० किंवा ६६ इंचांत एक फेरा, म्हणजे सावकाश आटे. अशी नळी शिशाच्या गोल गोळीसाठी असते. २८ इंचांत एक फेरा घेणारी नळी लांबट गोळीसाठी किंवा प्लॅस्टिकच्या वाटीत बसवलेल्या सॅबो गोळीसाठी. ४८ इंचवाली नळी मधली, दोन्ही चालवून घेते. गोळी जितकी लांब, तितकी गिरकी जास्त लागते. सावकाश आट्यांतून लांबट गोळी सोडली तर ती हवेत कोलांट्या घेते आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवी चीर पडते. उलट, वेगवान आट्यांत गोल गोळीमागे भरमसाट दारू ठासली तर गोळी आटे न पकडताच घसरत बाहेर येते. मग माणूस दुर्बीण बदलतो, दस्ता बदलतो, आणि दोष असतो भलतीकडेच.

आता दारू. काळी दारू किंवा तिच्या जागी वापरायला बनवलेली पर्यायी दारू, एवढंच. आधुनिक काडतुसातली धूरविरहित दारू या नळीत चिमूटभरसुद्धा जाता कामा नये. तिचा दाब वेगळ्याच पातळीवर चढतो आणि नळी फुटते. बोटं आणि डोळे जातात ते असेच. "थोडीशी मिसळली तर काय होतंय" असं म्हणणाऱ्याच्या शेजारी उभंही राहू नका. खास त्या दारूसाठी घडवलेल्या एखाद-दुसऱ्या मॉडेलची गोष्ट निराळी, आणि ते त्याच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं.

मापाचा घोळ मात्र जाणत्यांचाही होतो. दारूच्या मापट्यावर 'ग्रेन' हे वजनाचं एकक लिहिलेलं असतं, पण मापटं मोजतं आकारमान. काळ्या दारूचं १०० ग्रेनचं माप काट्यावरही जवळपास तेवढंच भरतं. पायरोडेक्स या पर्यायी दारूचं तेच माप भरतं साधारण ७० ग्रेन. आता कुणी हुशारी करून पायरोडेक्स काट्यावर १०० ग्रेन तोलली, तर नळीत मापापेक्षा चाळीसेक टक्के जास्त दारू गेली. म्हणून पर्यायी दारू मापट्यानंच घ्यायची. ट्रिपल सेव्हन ही दुसरी पर्यायी दारू आणखी जोरकस, तिचं माप काळ्या दारूपेक्षा १५ टक्के कमी ठेवायला उत्पादकच सांगतो: १०० च्या जागी ८५. आणि दारू डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत ओतायची नाही, आधी मापट्यात आणि मग नळीत. आत एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल तर मापट्याएवढीच दारू पेटते, हातातला अख्खा डबा नव्हे.

किती? ५० कॅलिबरची, म्हणजे अर्ध्या इंचाच्या भोकाची रायफल आणि गोल गोळी असेल तर ५०-६० ग्रेनपासून सुरुवात करणारे पुष्कळ आहेत. तुमच्या नळीची कमाल मर्यादा मात्र निर्मात्याच्या पुस्तिकेतूनच घ्या, मित्राकडून नाही. मर्यादा गोळीच्या वजनाप्रमाणेही बदलते. ५० कॅलिबरची गोल गोळी पावणेदोनशे ग्रेनच्या आसपास असते, लांबट गोळी सहज ३५० ची. जड गोळी हलायला वेळ घेते, त्यामुळे तेवढ्याच दारूचा दाब जास्त होतो. पाच-पाच ग्रेननं वर चढा आणि प्रत्येक पायरीला तीन-चार बार टाका. कागदावरच्या भोकांचा झुबका घट्ट झाला की थांबा. त्यापुढची दारू बरीचशी धूर, धक्का आणि काजळी यांतच जाते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दारू, गोळी, वंगण तिन्ही बदललंत तर कशानं सुधारलं ते कळणार नाही.

दाण्याचं थोडक्यात: 'एफ' जितके जास्त, तितका दाणा बारीक. टू-एफ ५० आणि त्यावरच्या कॅलिबरला, थ्री-एफ ४५ आणि खालच्यांना, हा सर्वसाधारण रिवाज. फोर-एफ फक्त चकमकीच्या बंदुकीच्या रंजकासाठी, म्हणजे बाहेरून पेटवायच्या चिमूटभर दारूसाठी, नळीत नाही. वड्यांच्या (पेलेटच्या) आकारात दाबलेली दारू सोयीची खरी, पण ती मागून थेट पेटणाऱ्या इनलाइन रायफलींसाठी आहे. बाजूला घोडा असलेल्या जुन्या पद्धतीच्या बंदुकीत ती नीट पेटत नाही.

गोल गोळीभोवतीची चिंधी, म्हणजे पॅच, फेकायची वस्तू समजू नका. बार झाल्यावर ती काही पावलांवर पडलेली सापडते. उचला आणि बघा. मधोमध जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ आहे किंवा वंगण कमी पडलंय. कडेला वर्तुळात चिरा असतील तर नव्या नळीच्या आट्यांच्या कडा धारदार आहेत, नाहीतर गोळी फार घट्ट बसते. शाबूत, नुसती काळवंडलेली चिंधी म्हणजे भरणी जमली. खनिज तेलाचं वंगण टाळा, काजळीशी मिसळून त्याचं डांबर होतं.

यानंतर ठासणं. गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. भरणी ठरली की गज, म्हणजे ठासायची काठी, आत घालून तोंडापाशी त्यावर खूण करा. पुढच्या वेळी खूण वर राहिली तर गोळी अडकलीय किंवा दारू दोनदा पडलीय. खूण आत गेली तर दारूच नाही. गप्पांच्या नादात दारू न घालता नुसती गोळी ठासण्याचा पराक्रम मी स्वतः केलाय. ती काढायला स्क्रूच्या गजानं अर्धा तास गेला आणि सोबत्यांना वर्षभर पुरेल एवढं हसू मिळालं.

तिसऱ्या-चौथ्या बाराला गोळी जाता जाईना? काजळी साचली. गजावर हातोडी चालवण्याऐवजी रिकाम्या नळीतून ओलसर चिंधी फिरवा, मग कोरडी. भोकं कागदावर खाली-वर पसरतात? आधी माप आणि ठासण्याचा जोर दर वेळी सारखा आहे का ते पाहा. टोपी (घोडा आपटताच ठिणगी देणारं छोटं टोपण) फुटली पण बार उडाला नाही? नळी निशाणाकडे धरूनच किमान एक मिनिट थांबा, बार उशिरानं उडू शकतो. तोंडात डोकावून बघायचं नाही, कधीच.

पहिलाच बार फुसका निघाला तर दोष बहुधा दारूचा नसून तेलाचा असतो. काळ्या दारूची राख ओलावा धरते आणि लोखंड खाते, म्हणून बंदूक त्याच दिवशी पाण्यानं धुऊन, वाळवून, तेल लावून ठेवतात. ते तेल मागच्या टोकाशी आणि निपलमध्ये, म्हणजे टोपी बसते त्या भोकाच्या बोंडात, उतरून बसतं. पुढच्या खेपेला भरण्याआधी नळी कोरडी पुसा, रिकाम्या बंदुकीवर दोन टोप्या फोडा. दुसऱ्या टोपीला नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरा. पातं हललं तर वाट मोकळी आहे.