सिनॅप्टिक व्हेसिकलचा पुनर्वापर मोजताना या चुका टाळा

पडद्यावर सिनॅप्सचा (दोन चेतापेशींच्या जोडाचा) ठिपका उजळतो, मग हळूहळू मंदावतो. आलेखाची रेघ खाली आली की आपण वहीत लिहून मोकळे: ‘एंडोसायटोसिस, इतके सेकंद.’ (एंडोसायटोसिस म्हणजे संदेशाचं रसायन सोडायला उघडलेल्या पुटिकेचं, म्हणजे व्हेसिकलच्या सूक्ष्म पिशवीचं, पटल पेशीने परत आत ओढणं.) सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

पीएच-ल्युओरिन हे चमकणारं प्रथिन पुटिकेच्या आतल्या बाजूला जोडलेलं असतं. पुटिकेच्या आत पीएच साधारण 5.5, म्हणून ते विझलेलं. पुटिका पेशीपटलाला मिळून उघडली की बाहेरच्या 7.4 मध्ये ते उजळतं. पण पटल परत आत ओढलं गेलं तरी ते लगेच विझत नाही. प्रोटॉन पंपाला पुटिका पुन्हा आम्ल करायला काही सेकंद लागतात. म्हणजे उतरत्या रेघेत दोन कामं मिसळलेली आहेत. पटल संथपणे आत येत असेल तर फारसं बिघडत नाही. झपाट्याने येत असेल तर तुम्ही पंपाचा वेग मोजून त्याला एंडोसायटोसिस म्हणताय. उपाय सोपा आहे. मधेच क्षणभर बाहेरचं द्रावण 5.5 पीएचचं करा, पटलातून आत न शिरणारा बफर वापरून. बाहेरचं सगळं तत्काळ विझेल. जे चमकत राहील ते आत आलेलं, पण अजून आम्ल न झालेलं.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, आठवडा घालवून. बॅफिलोमायसिन घातलेल्या डिशमध्ये चमक उतरेना, आणि मी ठरवलं की पटल आत येणंच बंद पडलंय. अहो, बॅफिलोमायसिन पंपच बंद करतं! पुटिका आत आली तरी चमकतच राहणार. ते द्रव्य वापरायचं ते पुटिका उघडण्याचा हिशेब एकटा काढायला.

तापमानाकडे तर कोणी बघतच नाही. 1973 मध्ये ह्यूजर आणि रीझ यांनी बेडकाच्या चेता-स्नायू जोडावर क्लॅथ्रिनच्या (पटलाभोवती जाळी विणून ते आत वळवणाऱ्या प्रथिनाच्या) वाटेने पटल परत येताना दाखवलं. तो मामला संथ. 2013 मध्ये वातानाबे, यॉर्गेनसन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या चेतापेशी प्रकाशाने चेतवून क्षणात गोठवल्या, तेव्हा पटल 50 ते 100 मिलिसेकंदांत आत आलेलं दिसलं. पण शरीराच्या तापमानाजवळ. खोलीच्या तापमानाला ही जलद वाट दिसली नाही, क्लॅथ्रिनची दिसली. तेव्हा 22 अंशांवर प्रयोग करून ‘जलद वाट नाहीच’ असं लिहू नका.

आता प्रथिनं. ‘पटल परत आलं म्हणजे प्रथिनंही आली’ हे गृहीत धरू नका. 2006 मध्ये उंदीरवर्गीय मेंदूतल्या पुटिकांची मोजदाद झाली, तेव्हा एका पुटिकेत सिनॅप्टोब्रेव्हिनच्या (पुटिका पेशीपटलाला मिळवणाऱ्या प्रथिनाच्या) सुमारे 70 प्रती निघाल्या आणि प्रोटॉन पंप जेमतेम एक-दोन. सिनॅप्टोब्रेव्हिनच्या चार-दोन प्रती मागे राहिल्या तर निभावतं. एकुलता पंप राहिला तर 40 नॅनोमीटरची ती पुटिका पंपाविना भरणारच नाही, रिकामीच फिरणार. शिवाय आत येणारे रेणू नुकते बाहेर पडलेलेच असतात असंही नाही. पेशीपटलावर आधीपासून साठा असतो आणि त्यातले रेणू उचलले जातात. सिनॅप्टोब्रेव्हिनला पीएच-ल्युओरिन जोडून भरमसाट बनवलं तर हा साठा आणखी फुगतो. मी तरी आता सिनॅप्टोफायसिन (पुटिकेतलंच दुसरं प्रथिन) किंवा पुटिकेत ग्लुटामेट भरणाऱ्या ट्रान्सपोर्टरला जोडलेलं वापरते. पृष्ठभागावर कमी सांडतं.

एफएम 1-43 रंगाबद्दल एवढंच: तो पटलात शिरल्यावरच चमकतो, त्यामुळे धुणं अर्धवट राहिलं तर बाहेरचं पटलही ‘आत आलेलं’ वाटतं.

आणि रेकॉर्डिंग संपलं म्हणून डिश उचलू नका. शेवटी अमोनियम क्लोराइड सोडा. सगळ्या पुटिकांच्या आतलं आम्ल उतरतं, एकूण साठा एकदम उजळतो आणि तुमचे आकडे कशाच्या प्रमाणात मांडायचे ते मिळतं. ठिपका तेव्हाही मंदच राहिला तर आधी फोकस तपासा. बऱ्याचदा सूक्ष्मदर्शकच सरकलेला असतो.