ग्रंथपालांसाठी नेतृत्व प्रशिक्षण: अर्जाआधी काय पाहावे

दहा-पंधरा वर्षे नोकरी झालेल्या ग्रंथपालाला तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी करणे), वर्गीकरण, संदर्भसेवा सगळे येत असते. घोडे अडते ते माणसे, पैसा आणि वरिष्ठ यांच्यापाशी. नेतृत्व प्रशिक्षण त्यासाठीच असते, पण ते निवडताना आधी नजर जाते वक्त्यांच्या नावांकडे. खरे तर कालावधी पाहावा. आठवडाभराच्या निवासी वर्गात ओळखी होतात, डोक्याला खाद्य मिळते. सवयी बदलायच्या तर कामावर परतल्यावरही भेटीगाठी चालू राहाव्या लागतात. इफ्ला या ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये सुरू केलेला आंतरराष्ट्रीय नेतृत्व कार्यक्रम दोन वर्षांचा आखला, तो उगीच नाही.

अर्जात सगळ्यात कच्चा राहतो तो प्रकल्प. ‘ग्रंथालयाचे डिजिटल रूपांतर’ असले काही लिहू नका. सहा महिन्यांत संपेल आणि कोणाचा तरी विरोध होईल असे काम घ्या: देवघेव व संदर्भ यांचे काउंटर एकत्र करणे, किंवा निर्लेखनाचे, म्हणजे जुनी-निरुपयोगी पुस्तके संग्रहातून काढण्याचे, नवे निकष ठरवणे. विरोधच होणार नसेल तर त्यातून नेतृत्व शिकायला काही उरत नाही. बदलामुळे कोणाचे काय जाणार, होकार कोणाचा लागणार आणि काम जमले हे कशावरून कळणार, हे एका पानात मांडा. वरिष्ठांकडून नुसते शिफारसपत्र घेऊ नका. आठवड्यातले किती तास मोकळे मिळतील आणि तेव्हा काउंटरवर कोण बसेल, हेही त्यात लिहून घ्या. प्रकल्प रखडतात ते बहुधा इथेच.

अनेक कार्यक्रमांत वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालचे यांचे अभिप्राय घेतात. सहकारी आणि हाताखालचे यांच्या गटांत निदान तीन-तीन माणसे हवीत. दोघेच असले तर कोणी लिहिले ते ओळखू येते, मग सगळे गोडगोड लिहितात. अहवाल हातात आल्यावर लिहिणाऱ्याचा माग काढत बसू नका. तुम्ही स्वतःला दिलेले गुण आणि इतरांनी दिलेले गुण यांत जिथे मोठी तफावत दिसेल, तिथे काम सुरू करा.

अंदाजपत्रकाचे सत्र कंटाळवाणे म्हणून टाळले जाते, आणि मोठे नुकसान तिथेच होते. समजा एकूण तरतूद १००, त्यात नियतकालिकांची वर्गणी ६० आणि पुस्तके २०. तरतूद तेवढीच राहिली आणि वर्गणी ५ टक्क्यांनी वाढली, तर ती ६३ होते. वरचे ३ हे पुस्तकांच्या २० मधून गेले की तिथे थेट १५ टक्के कपात! व्यवस्थापनापुढे ‘निधी कमी पडतो’ म्हणण्यापेक्षा हा हिशेब ठेवा. तीन वर्षांचे आकडे आधीच काढून सोबत न्या.

काम सोपवणे आपल्या पेशाला विशेष जड जाते, कारण प्रत्येक नोंद तपासायची सवय हाडीमासी भिनलेली असते. सोपवताना निर्णयाची मर्यादा सांगा: कुठवर न विचारता करायचे आणि कुठे थांबून विचारायचे. सुरुवातीला दहातली एखादी नोंद तपासा. चूक सापडली तर स्वतः दुरुस्त करू नका, ज्याची त्याला परत द्या.