रंकाळ्याकाठी पक्ष्यांचे छायाचित्रण

पावसाळा सरला की कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावर स्थलांतरित धोबी पक्षी दिसू लागतात, त्यामुळे वन्यजीव छायाचित्रणाच्या प्रयोगांसाठी दाजीपूरचे अभयारण्य गाठण्याची गरज नाही. सकाळी शहराकडच्या, म्हणजे पूर्वेच्या काठावर थांबावे, कारण तेथे सूर्य पाठीशी राहतो. धोबी सतत शेपटी हलवीत चालतो. म्हणून शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवावा, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० पर्यंत वाढवावा लागला तरी चालेल, आणि कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर येईल इतके खाली बसावे (कपडे चिखलाने माखणारच). उन्हातल्या बगळ्याची पिसे नुसती पांढरीफटक उमटत असतील, तर एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्रासाठी घेतला जाणारा प्रकाश, दोन-तृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) कमी करावे. उडत्या बगळ्याबरोबर कॅमेरा फिरवीत १/३० सेकंदावर घेतलेली छायाचित्रे बहुधा फसतात, तरीही माझ्या मते खरी गंमत त्यातच आहे. पक्षी किडे टिपायचे थांबवून मान उंचावून पाहू लागला, की पुढे सरकू नये.