धंद्याची गोष्ट लिहायचं काम करायचंय? नागपुरातला माझा अनुभव

मी नागपुरात छोट्या धंद्यांसाठी लिहितो, म्हणजे पाकिटामागचा मजकूर, इन्स्टाचे रील, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा कॅटलॉग, असलं सगळं. नवीन पोरंपोरी विचारतात की दादा, स्टोरीटेलिंगसाठी कोणता कोर्स करू. करा ना कोर्स, पण आधी एखाद्या दुकानात गल्ल्याच्या बाजूला स्टूल टाकून बसा, कारण मालकाला थेट "तुमची स्टोरी सांगा" म्हटलं की तो ठरलेलं बोलतो, आजीची रेसिपी, शंभर टक्के शुद्ध, ग्राहक आमचा देव. इतवारीत कोणत्याही दुकानात शिरा, हेच ऐकाल. मग वेगळेपण राहिलं कुठे?

त्यापेक्षा विचारा, तुम्ही कशाला नाही म्हणता?

नागपूरच्या महाल भागात एक काकू सावजी मसाला करतात. पहिल्या भेटीत म्हणाल्या, "मसाला करतो अन् विकतो बाबा, यात काय स्टोरी." सावजी म्हटलं की लिहिणाऱ्याला मोह होतो हलबा कोष्टी समाज, विणकर, जवसाचं तेल असा सगळा इतिहास ओतायचा, आणि तो इतिहास खराही आहे, पण तो गावातल्या प्रत्येक सावजी भोजनालयाचा आहे, एकट्या काकूंचा नाही. उन्हाळ्यात मसाल्याचा सीझन लागला तेव्हा परत गेलो तर बाया अंगणात बसून मिरचीचे देठ तोडून राहिल्या होत्या. म्हटलं काकू, देठासकट दळलं तर? "वजन वाढते ना, पैसे सुटतात, लोक करूनच राहिले तसं. पण रंग मरते. तर्री लाल नाही आली तर गिऱ्हाईक मलेच बोलते." झालं, हीच गोष्ट. पाकिटावर लिहिलं: "देठ काढलेल्या मिरचीचा मसाला. म्हणून थोडा महाग." पूर्वी कोणी भाव जास्त का म्हटलं की काकू चिडायच्या, आता नुसतं पाकीट पुढे सरकवतात.

मोठ्यांचंही असंच असतं बरं. १९५२ साली विको सुरू करणारे केशव पेंढरकर त्याआधी नागपुरात किराणा दुकान चालवायचे. त्यांच्या हळदीच्या क्रीमची जाहिरात कायम सांगत राहिली की हे कॉस्मेटिक नाही. आणि तिकडे कंपनी एक्साइज खात्याशी वर्षानुवर्षं कोर्टात हेच भांडत होती, आयुर्वेदिक औषध धरायचं की कॉस्मेटिक, कारण त्यावर टॅक्स ठरणार होता. टीव्हीवर एक आणि कागदावर दुसरं असं नव्हतं, म्हणून मला ते उदाहरण फार आवडतं.

खोटं खपत नाही, निदान इथे तरी नाही. संत्रा बर्फीवाला जूनमध्ये "आजच बागेतून तोडलेली ताजी संत्री" लिहायला लावत असेल तर सरळ नाही म्हणा. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यातला एखादा गिऱ्हाईक कमेंटमध्ये धुऊन काढेल तुम्हाला. नागपुरी संत्र्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तो लोगो कोणीही उचलून चिकटवायचा नसतो, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, ती आहे का विचारा. शुगर बरी होते, वजन उतरते, असलं खाण्याच्या पाकिटावर लिहूच नका, मालक कितीही मागे लागला तरी. फूड लायसन्सचा १४ आकडी नंबर मात्र स्वतः बघून घ्या.

अजून एक, जे कोर्समध्ये कोणी सांगत नाही. जुन्या दुकानांत भावाभावांच्या वाटण्या झालेल्या असतात आणि एकाच आजोबांचा फोटो दोन्ही दुकानांत लटकलेला असतो, दोघंही "मूळ दुकान". आजोबांवर रील केली की दुसऱ्याच दिवशी चुलत्याचा फोन. म्हणून गोष्टीत ज्याचं नाव किंवा फोटो येईल त्याची किंवा घरच्यांची परवानगी आधीच घ्या, मेसेजवर का होईना, पण लेखी.

पैशाचं म्हणाल तर अर्धे आधी घ्या, आणि दुकानात बसण्याचा वेळही बिलात धरा, लिहायला त्यामानाने कमीच वेळ जातो. पहिलं काम शोधायला लिंक्डइनवर बसू नका. गोकुळपेठ मार्केटमध्ये संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आधी जा, दुकानदार मोकळा असतो, चहा पाजतो अन् बोलतोही.