पसंतीचा रकाना भरण्याआधी

हवाई दलात विंग्ज, म्हणजे वैमानिकाचा बिल्ला, लागून तीन-चार वर्षं झाली की कुणीतरी पहिल्यांदा मनापासून विचारतं, "पुढे कुठे जायचंय?" डुंडिगलला किंवा येलहंकाला, प्रशिक्षणाच्या काळात, असं कुणी विचारत नाही. तिथे यादी लागते आणि आपण बॅग भरतो. म्हणून उत्तर द्यायची सवयच नसते. मी दिलेलं उत्तर चुकलं आणि ते निस्तरायला मला जवळजवळ सहा वर्षं लागली. आज माझ्याकडे येणारे फ्लाइट लेफ्टनंट नेमक्या त्याच उंबरठ्यावर असतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी ईशान्येत एएन-३२ या मालवाहू विमानावर को-पायलट होतो. कॅप्टनसीसाठीचे थोडेच चेक, म्हणजे उड्डाणातल्या परीक्षा, उरले होते: दोन रूट चेक, एक रात्रीचा. तेवढ्यात नव्याने दाखल झालेल्या एका मोठ्या विमानासाठी इच्छुकांची नावं मागवली गेली. काट्यांच्या डायलऐवजी पडदे, जगभरची उड्डाणं, आणि आमच्या वयाच्या फार कमी जणांना मिळणारी संधी. मी त्याच संध्याकाळी नाव दिलं. फ्लाइट कमांडर एवढंच म्हणाले, "आधी डावी सीट घे, मग जा." डावी सीट कॅप्टनची, उजवी को-पायलटची. मला वाटलं, त्यांना माणूस सोडायचा नाहीये.

आता सापळा नीट समजून घ्या. नव्या विमानावर गेलात की कॅटेगरी, म्हणजे वैमानिकाचा दर्जा, पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होते. ग्राउंड स्कूल, सिम्युलेटर, मग को-पायलट. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. लक्षात येत नाही ती रांग. नव्या ताफ्यात विमानं कमी आणि तिथे येणारे बहुतेक जण आधीच्या विमानावर कॅप्टन राहिलेले. डाव्या सीटसाठी त्यांचा नंबर आधी लागतो, आणि तो लागायलाच हवा, त्यात कुणाचा अन्याय नाही. मी मात्र अर्धवट होतो. जुन्या विमानावर कॅप्टन झालो नव्हतो आणि नव्यावर होण्याइतका अनुभव नव्हता. माझे तास भराभर वाढले, पण सगळे को-पायलटच्या रकान्यात. महिनाअखेरीला लॉगबुकाचा गोषवारा सहीला न्यायचो तेव्हा कॅप्टनचा रकाना दर महिन्याला कोरा असायचा. सही करणारा काही बोलायचा नाही.

दरम्यान एएन-३२ वर थांबलेले माझे दोन कोर्समेट कॅप्टन झाले आणि तांबरमला इन्स्ट्रक्टरच्या कोर्सला गेले. मीही अर्ज केला. कॅप्टन म्हणून अनुभव अपुरा, एवढ्यावरच तो परत आला. सहा वर्षांच्या सेवेनंतर स्क्वॉड्रन लीडरची पट्टी लागते, ती सीट बघून लागत नाही. त्यामुळे खांद्यावर पट्टी आली आणि मी उजवीकडेच बसलेला. डावीकडे माझ्यापेक्षा ज्युनिअर मुलगा.

कॅप्टनच्या तासांचं एवढं कौतुक कशाला, असं वाटेल. एएन-३२ वर असतानाचा, अरुणाचलातल्या मेचुकाचा एक दिवस सांगतो. दरीत शिरायच्या आधी समोरच्या कड्यावर ढगाची एक पट्टी टेकलेली होती. कॅप्टनचा हात थ्रॉटलवर, माझा फ्लॅपच्या लिव्हरपाशी. त्यांनी दहाएक सेकंद पाहिलं आणि म्हणाले, "परत." ढग मीही पाहिला होता. पण जायचं की नाही हे मला ठरवायचं नव्हतं, म्हणून मी तो फक्त पाहिला. पलीकडे वळायला जागा उरेल का, इंधन किती, मागे बसलेले जवान किती, यातलं काहीच माझ्या डोक्यात चाललं नव्हतं. उजव्या सीटवर हजार तास बसूनही त्या दहा सेकंदांचा सराव होत नाही.

फायटरवाल्यांसाठी हेच गणित सीटऐवजी लीडचं आहे. दोन विमानांचं, मग चार विमानांचं नेतृत्व हाती येण्याआधी विमान बदललंत तर तीच रांग. हेलिकॉप्टरवर कॅप्टनसी लवकर येते, पण डोंगराळ भागात उडायच्या परवानग्या, म्हणजे क्लिअरन्स, अर्धवट सोडून निघू नका.

"दिल्लीत माझी ओळख आहे, सांगतो," असं म्हणणाऱ्या सीनिअरपासून चार हात लांब राहा. ओळखीने जागा मिळेलही, रांग कमी होत नाही. सल्ला हवा असेल तर जिथे जायचंय तिथल्या सीओला, म्हणजे युनिटच्या प्रमुखाला, विचारू नका. त्यांना माणसं हवीच असतात. तिथल्या सर्वांत ज्युनिअर कॅप्टनला फोन करा. उजवीकडे किती दिवस काढले, आत्ता पुढे किती जण आहेत, महिन्याला किती तास मिळतात, एवढं विचारा. तो खरं सांगेल, कारण जखम ताजी असते.

इन्स्ट्रक्टरचा कोर्स पुढच्या बढतीची पायरी म्हणून घेऊ नका. शिकवायची चीड असलेला माणूस पिलाटस या प्रशिक्षण विमानाच्या मागच्या सीटवर बसला की समोरच्या कॅडेटचं आयुष्य बिघडतं. हे मी फार जवळून पाहिलंय. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांनो, तुमची १४ वर्षं दिसतात तेवढी लांब नाहीत. प्रशिक्षण, कन्व्हर्जन (नवं विमान शिकणं) आणि एखादी जमिनीवरची पोस्टिंग वजा केली की दोनदा विमान बदलायला जागा उरत नाही. घरचं कारण असेल तर ते लिहून द्या, लाजू नका. आजारी आई हे खरं कारण आहे आणि ते ऐकलं जातं.

आणि जे आधीच अडकलेत त्यांच्यासाठी: वाट आहे. दोन वर्षं उजवीकडे काढल्यावर मी जुन्या विमानावर परत पाठवण्याची लेखी विनंती केली. कोर्समेट म्हणाले, लोक याला माघार समजतील. काहींनी समजलीही. उत्तर यायला वर्ष गेलं. परत गेलो, राहिलेले चेक पुन्हा दिले आणि त्या पावसाळ्यात डाव्या सीटवर बसलो. नव्या विमानावर शिकलेलं सिम्युलेटरचं काटेकोरपण वाया गेलं नाही, उलट चेकच्या वेळी तेच उपयोगी पडलं. तांबरम मला उशिरा मिळालं, पण मिळालं.

कॅप्टन म्हणून तिसऱ्याच सॉर्टीला, म्हणजे उड्डाणाला, ढगामुळे मला परत फिरावं लागलं. उतरल्यावर को-पायलटने विचारलं, "सर, कड्याकडे बघून नेमकं काय ठरवलंत?" आम्ही तिथेच विमानाच्या पंखाखाली नकाशा उघडून अर्धा तास बसलो.