फ्लॅकचं एमपी३ करताना नावं उडतात? या चुका टाळा

दिवाळी झाली की कोणी ना कोणी पेनड्राइव्ह घेऊन दारात येतोच. गाणी वाजतात, पण ट्रॅक्टरच्या डेकवर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. "भाऊ, पाच मिन्टाचं काम हाय, करून दे ना." पाच मिनिटांत उरकलं म्हणूनच तर असं झालं, लेका.

सगळ्यात जास्त पाहिलेली चूक म्हणजे मधे वाव्ह घेणं. फ्लॅक म्हणजे आवाज जसाच्या तसा ठेवून दाबलेली फाइल, वाव्ह म्हणजे न दाबलेली, आणि एमपी३ म्हणजे आवाज थोडा छाटून लहान केलेली. फ्लॅकचं आधी वाव्ह, मग वाव्हचं एमपी३. वाव्हपर्यंत आवाजाला धक्काही लागत नाही, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण गायकाचं नाव, क्रमांक, फोटो हे सारं फ्लॅकमध्ये वेगळ्या कप्प्यात, म्हणजे टॅगमध्ये, असतं. वाव्हमध्ये त्यासाठी सगळी सॉफ्टवेअरं मानतील असा कप्पा नाही. त्यामुळे वाव्ह झालं की बहुतेक वेळा नावं तिथेच गळतात.

मीही हे केलंय. एका वर्षी गावातला कार्तिकातला काकडा पहाटे उठून रेकॉर्ड केला, ६३ फाइली. कोण गायलं, पेटीवर कोण, खंजिरीवर कोण, सगळं रात्री लाइन असेल तेव्हा टॅगमध्ये भरलं. टॅग आहेत म्हणून फाइलींना रेकॉर्डरचे आकडेच राहू दिले. मग एका रात्री लाइन जायच्या आत उरकायचं म्हणून वाव्हमार्गे एमपी३ केले, आणि लॅपटॉपवर जागा नाही म्हणून फ्लॅक उडवले. उघडून पाहिलंसुद्धा नाही.

दोन वर्षांनी मंडळातले एक बुवा वारले. तेरवीच्या आधी त्यांचा मुलगा आला, "भाऊ, माह्या बापाचं भजन कोणतं हाय यातलं?" ओसरीत बसून आम्ही ६३ फाइली ऐकल्या. खंजिरीवर पहिली थाप मारायच्या आधी बुवा दोनदा घसा खाकरायचे. तेवढ्यावरून तो ओळखायचा, "थांब, हे बाबाचंच हाय." अकरा सापडल्या. एका फाइलीवर आमचं अजूनही एकमत नाही.

तेव्हापासून फ्लॅकवरून थेट एमपी३. फाइली बदलायचं सॉफ्टवेअर फूबार२००० असो की एफएफएमपेग, टॅग आपणहून पुढे जातात. तरी मी आधी एकच फाइल करतो, टॅग दाखवणाऱ्या एमपी३टॅग या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, मगच बाकीच्या. फाइलीच्या नावातही गायकाचं नाव टाकतो. आणि फ्लॅक पुसत नाही. त्याचं कार्ड चुन्याच्या जुन्या डबीत, कपाटात.

आता प्रश्नचिन्हं. एमपी३च्या टॅगची सगळ्यात जुनी पद्धत, आयडी३ची पहिली आवृत्ती, नावाला फक्त ३० अक्षरांची जागा देते आणि तिच्यात देवनागरी बसत नाही. २.३ आणि २.४ या आवृत्त्यांत बसते. एफएफएमपेग न सांगता २.४ लिहितं, आणि जुने डेक बऱ्याचदा २.३च वाचतात. म्हणून मी दर वेळी २.३ मागतो. डेकमध्ये देवनागरी फॉन्टच नसेल तर मात्र टॅग बरोबर असूनही चौकोन दिसतात. तिथे मी मुकाट्याने इंग्रजी अक्षरांत नाव लिहून देतो.

"३२०वरच कर" म्हणणारे पोट्टे वेगळेच. हा आकडा म्हणजे बिटरेट, सेकंदाला किती किलोबिट खर्च होतात ते. ३२०ला मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात. एमपी३ बनवणाऱ्या लेम या सॉफ्टवेअरच्या व्ही२ या दर्जाला सरासरी १९०च्या आसपास बिटरेट पडतो, आणि डोळे मिटून ऐकवलं तर फरक सांगणारा मला अजून भेटला नाही. त्याहून कहर म्हणजे मोबाइलच्या दुकानात चिप भरून आणलेल्या १२८च्या एमपी३चं फ्लॅक करणं. ताकाचं परत दूध होत नाही, फाइल तेवढी फुगते.

ऑपस हा आणखी एक फाइलप्रकार कमी जागेत छान वाजतो, पण बाजारातल्या साध्या स्पीकरच्या डब्याला बहुधा कळत नाही.

एका भजनाला दोन गायक असतील तर फ्लॅकमध्ये दोन वेगळ्या नोंदी चालतात, २.३मध्ये त्या एका ओळीत चिकटतात. तपासा.

क्रमांक ०१, ०२ असे लिहा, नाहीतर २च्या आधी १० वाजतो.

फोटो ५०० पिक्सेलचा पुरे. मोबाइलवर काढलेला चार एमबीचा फोटो प्रत्येक फाइलीत कोंबला की गाण्याएवढाच फोटो होतो. मागे एकाचा डेक त्यानेच अडकायचा, आणि तो शिव्या मात्र पेनड्राइव्हला घालत होता.